छेद विचारणाऱ्या मॅडम

मॅडमसमोर कुणी टक्केवारी उच्चारली, की त्या चष्मा कपाळावर सरकवत आणि विचारत, "छेद काय धरलाय?" मग समोर बँकेतला अधिकारी असो, पाण्याच्या टाक्या विकणारा असो, नाहीतर दातांचा डॉक्टर. डॉक्टरांनी एकदा त्यांना सांगितलं, हा उपचार नव्वद टक्के यशस्वी होतो. मॅडम तोंड उघडं असतानाच काहीतरी पुटपुटल्या. डॉक्टरांनी हातातला आरसा बाहेर काढला तेव्हा कळलं, त्या विचारत होत्या, "नव्वद टक्के दातांमध्ये, की नव्वद टक्के माणसांमध्ये? एका माणसाला पुष्कळ दात असतात." हे मला त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना त्या हसल्या नाहीत. त्यांना उत्तर खरंच हवं होतं.

मॅडम मूळच्या नागपूरच्या. नोकरीची सगळी वर्षं दक्षिणेत, समुद्रकाठच्या एका अणुकेंद्रात गेली. अणुभट्टीत घातलेलं इंधन किती जळलं आणि किती उरलं, हे मोजण्याचं त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर नागपूरला न जाता त्या पुण्यात आल्या आणि नारायण पेठेत एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहू लागल्या. जागा दाखवणाऱ्यानं "पूर्ण नाव?" असं विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "सांगते. पण आडनाव ऐकून जागा आधीच गेलेली निघणार असेल, तर जिने चढायच्या आत सांगा." पुण्यात राहून त्यांचा नागपुरी 'काहून', म्हणजे 'का', बदलून 'कशावरून' झाला होता. पेठेतल्या लोकांनी त्यांचं नावच कशावरूनबाई पाडलं. ते त्यांना ठाऊक होतं. "निदान नाव अचूक आहे," एवढंच त्या म्हणाल्या.

माझी त्यांची गाठ पडली ती एका पुस्तकामुळे. मी नारायण पेठेतल्याच एका छोट्या प्रकाशन संस्थेत संपादक आहे. आमचे प्रकाशक, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, त्यांनी अणुऊर्जेवर मराठीत पुस्तक काढायचं ठरवलं. त्या सुमारास वर्तमानपत्रांत ब्रीडर अणुभट्टीच्या बातम्या वरचेवर येत होत्या. एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी पुस्तक लिहून दिलं. त्यांनी ब्रीडरला 'प्रजनक' म्हटलं होतं. तात्या म्हणाले, "लोकांना वाटेल पशुसंवर्धनाचं पुस्तक आहे. ब्रीडरच ठेवा." मजकूर तपासायला जाणकार माणूस हवा होता, म्हणून कुणीतरी मॅडमचं नाव सुचवलं.

मॅडम आल्या, तात्यांच्या समोरच्या खुर्चीत बसल्या आणि हस्तलिखिताला हात लावायच्या आधी त्यांनी विचारलं, "या पुस्तकामागे कोण आहे?"

"मी आहे," तात्या म्हणाले.

"आणि तुमच्यामागे?"

"भिंत."

मॅडमनी खरोखर तात्यांच्या मागच्या भिंतीकडे बघितलं. मग हस्तलिखित पिशवीत घातलं आणि निघून गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "माणूस विनोद करतो तेव्हा उत्तर टाळत असतो." मला ते जरा जास्तच वाटलं. पण त्या दिवशी संध्याकाळी मीच तात्यांना विचारलं, की खरंच या पुस्तकामागे कुणी आहे का? तात्यांनी मुद्रितांवरून डोकं वर न काढता "चहा सांग" म्हटलं.

आठवड्याभरानं हस्तलिखित परत आलं. मी धास्तावले होते, लाल रेघांनी पानं भरली असतील म्हणून. तसं काही नव्हतं. एका वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ होती आणि समासात एकच शब्द होता, 'छेद?' वाक्य असं होतं: 'ब्रीडर अणुभट्टी इंधनातील शंभर टक्के ऊर्जा मिळवते व जाळते त्याहून अधिक इंधन निर्माण करते, हा आधुनिक विज्ञानाचा चमत्कारच होय.'

मी मराठी घेऊन एम. ए. झालेली. मला त्या वाक्यात चुकीचं काय ते कळेना. शेवटी मॅडमकडे गेले. त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवलं आणि पोहे करता करता समजावलं.

"खाणीतून हजार भाग युरेनियम काढलं, तर त्यातले सात भाग सहज पेटणारे. उरलेले सगळे थंड. साध्या अणुभट्ट्या मुख्यतः त्या सातांवर चालतात. सरतेशेवटी बघितलं, तर खाणीतून काढलेल्या युरेनियममध्ये जेवढी ऊर्जा आहे तिचा शंभरावा भागसुद्धा धड हाती लागत नाही. बाकीचं पडून राहतं."

"आणि ब्रीडर?"

"ब्रीडर त्या थंड युरेनियमचं प्लुटोनियम करते, म्हणजे जळेल असं इंधन. म्हणून तेवढ्याच युरेनियममधून साठपट ऊर्जा काढता येईल असं म्हणतात. 'काढता येईल' आणि 'म्हणतात', दोन्ही शब्द लिही. कारण ते एका दमात होत नाही. इंधनाची कांडी आत घातली, की त्यातला दहावा भाग वगैरे जळेपर्यंत तिचं पोलादी आवरण फुगायला लागतं. मग ती बाहेर काढायची, थंड होऊ द्यायची, कापायची, आम्लात विरघळवायची, कामाचं तेवढं वेगळं करायचं आणि त्याची पुन्हा कांडी करून पुन्हा आत घालायची. अशा कितीतरी फेऱ्या. प्रत्येक फेरीत थोडं भांड्याला चिकटून राहतं, थोडं कचऱ्यात जातं. आता सांग, शंभर टक्के म्हणजे कशाचे? आत घातलेल्या कांडीचे, की खाणीतून काढलेल्या युरेनियमचे? एका फेरीचे, की सगळ्या फेऱ्यांचे?"

मला एकदम सुचलं. मी म्हणाले, "म्हणजे रसवंतीसारखं! ऊस एकदा चरकातून काढला, दुमडून पुन्हा घातला, पुन्हा घातला..."

मॅडमनी झारा हवेतच धरला. "उपमासुद्धा तपासून घ्यायची असते. चोथ्यात नवीन रस तयार होत नाही. इथे होतो."

पोहे झाले. खाताना त्या पुढे म्हणाल्या, "जाळते त्याहून जास्त तयार करते, हे खरं आहे. पण वाचणाऱ्याला वाटतं, आकाशातून पडतं. ते त्या थंड युरेनियममधूनच येतं. आणि जास्त म्हणजे थोडंसंच जास्त. एका भट्टीनं दुसऱ्या भट्टीपुरतं इंधन साठवायचं म्हटलं तर वर्षानुवर्षं जातात. शिवाय जी उष्णता मिळते, तिच्यातली निम्म्याहून कमीच वीज होते, बाकी समुद्राचं पाणी तापवते. तेही टक्के, हेही टक्के. 'चमत्कार' काढून टाक."

"मग तुम्ही ब्रीडरच्या विरुद्ध आहात का?"

"काहून?" त्या एकदम नागपूरला गेल्या. "उभी नोकरी त्यात घातली मी. चांगली गोष्ट आहे ती, म्हणून तर सांगते. शिव्यांनी तिचं काही बिघडत नाही. खोट्या कौतुकानं बिघडतं."

हा स्वभाव त्यांना वडिलांकडून आला होता. वडील नागपुरात सूतगिरणीत कामाला होते. धम्मदीक्षेच्या त्या अफाट गर्दीत ते तरुणपणी उभे होते, आणि पुढे घरात एकच गोष्ट सारखी सांगत: कुणी मोठ्या माणसानं सांगितलं म्हणून मानायचं नाही, पोथीत आहे म्हणून मानायचं नाही, मी सांगतो म्हणूनही मानायचं नाही. लहानपणी मॅडमनी त्यांना विचारलं होतं, "मग हे तरी काहून मानायचं?" वडील इतके खूश झाले, की त्यांनी तिला खांद्यावर बसवून वस्तीभर फिरवलं.

वाक्य बदलायचं म्हणून मी प्राध्यापकांना फोन केला. त्यांनी ते वाक्य माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं. मग म्हणाले, "त्या बाईंना तिथून बाजूला केलं होतं, हे तुम्हाला माहीत आहे ना? कुठल्याशा मोजणीवरून प्रकरण झालं होतं. मी जास्त बोलत नाही. पण अशा माणसानं आपल्याला छेद विचारावा म्हणजे गंमत आहे."

जास्त न बोलता त्यांना जे करायचं होतं ते झालं. माझ्या मनात शंका शिरली. आणि एकदा शिरल्यावर दिसेल ती गोष्ट तिला खतपाणी घालू लागली. मॅडम शेवटच्या वर्षांबद्दल कधी बोलत नसत. विषय निघाला, की "सांगण्यासारखं असतं ते मी सांगते. न सांगण्यासारखंही आहे, एवढंही सांगते," असं म्हणून उठत. कुणी फोटो काढू लागलं, की तोंड फिरवत. त्या स्वतः मला तोच प्रश्न चार दिवसांच्या अंतरानं दोनदा विचारत आणि दोन्ही उत्तरं जुळतात का ते बघत, हेही माझ्या लक्षात आलं. घरी असताना त्या कुणालाही फोन करत नसत. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "भिंतींना कान नसतात. शेजारच्या बाईंना असतात."

मग त्या फोन कुठून करत, ते मला अचानकच कळलं. एका रविवारी सकाळी मी मंडईत गेले होते. मॅडम त्यांच्या नेहमीच्या भाजीवालीकडे उभ्या होत्या. भाजीवाली सांगत होती, वांगी शंभर टक्के गावरान आहेत. मॅडम म्हणाल्या, "कशावरून?" ती म्हणाली, "खाऊन बघा, मंग कळंल कशावरून." मॅडमना ते पटलं. "हा पुरावा चालेल," म्हणून त्यांनी वांगी घेतली. मी हाक मारणार तेवढ्यात त्या बटाट्याच्या पोत्यांच्या आडोशाला गेल्या, पिशवी पायांशी ठेवली आणि फोन लावला. आजूबाजूला असा कल्ला, की शेजारच्याचं बोलणं शेजारच्याला ऐकू येऊ नये. मी पोत्यांच्या अलीकडे लिंबं निवडत होते. मॅडम इंग्रजीत बोलत होत्या, हळू, पण शब्दन् शब्द तोडून. "टेल हर द फिगर वॉज राइट. जस्ट दॅट. द फिगर वॉज राइट."

मी लिंबं तिथेच ठेवली आणि घरी आले.

कुठला आकडा? कुणाला कळवत होत्या? अणुकेंद्रातून निवृत्त झालेली बाई, मंडईच्या गोंगाटात, पोत्यांच्या आड, आकडा बरोबर होता म्हणून कुणाला तरी निरोप देते. मी स्वतःला समजावलं, की हे सगळं सिनेमातलं आहे. तरी त्या आठवड्यात त्यांच्याशी बोलताना मी शब्द मोजून वापरत होते, आणि मला खात्री आहे, त्यांनी ते टिपलं होतं.

अशातच तात्यांच्या मागची भिंत कोण, ते उघड झालं. वीजनिर्मितीची यंत्रसामग्री पुरवणारी एक कंपनी पुस्तकाच्या पुष्कळ प्रती विकत घेऊन शाळांमध्ये वाटणार होती. पुस्तक छापून व्हायच्या आधी त्यांनी हिंजवडीच्या आपल्या कार्यालयात एक परिसंवाद ठेवला आणि आम्हा सगळ्यांना न्यायला बस पाठवली. मॅडम खिडकीशी बसल्या.  उतरताना तात्यांना म्हणाल्या, "भिंत बरीच मोठी आहे."

काचेच्या सभागृहात एक तरुण अधिकारी पडद्यावर चित्रं दाखवत होता. मुलगा तरतरीत होता, मनापासून बोलत होता. "सो बेसिकली, नॉर्मल रिॲक्टर फ्युएल वेस्ट करतो. ब्रीडर काय करतो? हंड्रेड परसेंट युटिलायझेशन! आणि वरून एक्स्ट्रा फ्युएल देतो. म्हणजे गाडी चालवली की टाकी भरत जाते, असं समजा."

टाळ्या पडल्या. प्राध्यापकांनीही वाजवल्या. मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मी मनात म्हटलं, झालं.

"हंड्रेड परसेंट कशाचे?"

"फ्युएलचे, मॅडम."

"एका फेरीत, की सगळ्या फेऱ्या मिळून?"

"म्हणजे... ओव्हरऑल. इन प्रिन्सिपल."

"मग पडद्यावर 'तत्त्वतः' हा शब्द कुठे आहे?"

त्यानं मागे वळून पडद्याकडे पाहिलं, जणू तो शब्द कुठेतरी सापडेल. मागच्या रांगेतून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "अशा लोकांमुळेच देश मागे आहे." दुसऱ्या टोकाला बसलेली एक मुलगी ताडकन उठली. तिच्या झोळीवर अणुवीजविरोधी बिल्ला होता. ती आनंदानं म्हणाली, "थँक यू मॅडम! म्हणजे हे सगळं फ्रॉडच आहे ना?"

मॅडम तिच्याकडे वळल्या. "कशावरून?"

"तुम्हीच आत्ता म्हणालात."

"मी प्रश्न विचारला, बाळ. तू निकाल लावलास."

मुलगी खाली बसली. पाच मिनिटांत मॅडमनी सभागृहातले दोन्ही पक्ष गमावले होते. चहाच्या वेळी त्यांच्याजवळ कुणी उभं राहिलं नाही. तो तरुण अधिकारी तेवढा दोन बिस्किटं घेऊन आला आणि म्हणाला, "मॅडम, मला खरंच माहीत नव्हतं. कुठे वाचू?" मॅडमनी त्याला बराच वेळ काहीतरी समजावलं. त्या दिवसात त्यांचा चेहरा सैल झालेला मी तेवढाच पाहिला.

परतताना बस हिंजवडीच्या चौकात अडकली. गाड्या हलेनात. प्राध्यापक पुढच्या बाकावरून, तात्यांशी बोलल्यासारखं करत, सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाले, "काही लोक कुठल्या वाटेनं आत येतात, ते आपल्याला माहीत असतंच. मग असं होतं."

 प्रत्येकाला अर्थ कळला होता. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. तशाच बघत म्हणाल्या, "वाट कुठलीही असो, सर. आत गेल्यावर मोजायचा काटा एकच होता. तुम्ही तिथे कधी आला नाहीत, म्हणून सांगते."

त्यांचा आवाज स्थिर होता. पण मांडीवरच्या पिशवीचा बंद त्यांनी बोटाला इतका आवळून गुंडाळला होता, की बोट पांढरं पडलं होतं. मला वाटलं, ही बाई काहीही लपवत असो, आपण तिला सरळ विचारायला हवं.

दुसऱ्या दिवशी विचारलं. "मॅडम, मंडईत तुम्ही फोनवर आकड्याबद्दल काय सांगत होता? माझ्या कानावर पडलं."

मला वाटलं होतं, त्या चिडतील. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. "विचारलंस ते बरं केलंस. बाकीचे विचारत नाहीत, ठरवतात."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. अणुकेंद्रात त्यांची एक मैत्रीण होती, राजी. तंजावरकडची. दोघी एकाच वर्षी लागल्या, एकाच प्रयोगशाळेत, एकाच वसतिगृहात राहिल्या. राजीनं त्यांना तमिळ शिकवलं, मॅडमनी तिला झुणका. लोक मॅडमच्या पाठीमागे जे बोलत ते राजी समोरासमोर खोडून काढत असे. पुढे एक नव्या प्रकारची कांडी चाचणीसाठी भट्टीत घातली होती. ती बाहेर आल्यावर इंधन किती जळलं याचं मोजमाप राजीकडे होतं. आकडा अपेक्षेपेक्षा चांगला आला. सगळे खूश. बाहेरचे पाहुणे आले, मोठी बैठक बसली, राजीनं आकडा मांडला.

"आणि तुम्ही विचारलंत," मी म्हणाले.

"विचारलं. कांडी मध्यभागी जास्त जळते, टोकांना कमी. नमुना मधलाच घेतला असेल तर आकडा फुगतो. मी विचारलं, हा आकडा सबंध कांडीचा, की मधल्या तुकड्याचा? सगळ्यांसमोर विचारलं."

"मग?"

"पुन्हा मोजायचं ठरलं. राजीला तो आकडा घेऊन परदेशी परिषदेला जायचं होतं, ते राहिलं. दुसरं कुणी दुसरंच काहीतरी घेऊन गेलं. महिन्यांनी मोजणी पूर्ण झाली. राजीचा आकडा बरोबर होता. तिनं सबंध कांडीचेच नमुने घेतले होते." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "माझी शंका चुकीची नव्हती. जागा चुकीची होती. आदल्या रात्री आम्ही दोघी एकत्र जेवलो होतो. तेव्हा विचारता आलं असतं. माझ्या मनात तेव्हाच आलं होतं."

"का नाही विचारलंत?"

"ते मला अजून कळलेलं नाही. लोक मला कायम संशयानं बघायचे, म्हणून असेल. दहा माणसांसमोर उभं राहून मलाही कुणाकडे तरी तसं बघायचं असेल. खात्रीनं सांगता येत नाही."

राजी त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलली नाही. एका खोलीत दोघींनी बसणं अवघड झालं, तेव्हा मॅडमनी स्वतःच प्रशिक्षण विभागात बदली मागून घेतली. कुणी त्यांना बाजूला केलं नव्हतं. निवृत्तीनंतर पुण्याला आल्यावर दर रविवारी त्या राजीच्या घरी फोन करत होत्या. फोन राजीचा नवरा उचलायचा. ती आराम करते आहे, म्हणायचा. मॅडम एकच निरोप ठेवायच्या: तिला सांगा, आकडा बरोबर होता.

मी न राहवून म्हणाले, "पण मॅडम, आकडा बरोबर होता हे त्यांना माहीतच आहे. त्यांनीच तर मोजला."

मॅडम उठल्या, खिडकी लावली, पुन्हा उघडली. मला वाटलं, आपण फार बोललो. मग त्या म्हणाल्या, "तू आता जा. मला जरा विचार करू दे."

पुढच्या रविवारी त्या मंडईत गेल्या नाहीत. घरातूनच फोन केला, शेजारच्या बाई गॅलरीत उभ्या असताना. काय बोलल्या ते मला त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

इकडे कंपनीचा तात्यांना फोन आला. मूळ वाक्य ठेवा, नाहीतर प्रती घेणार नाही. प्राध्यापकही त्याच मताचे. तात्या बरेच दिवस घुटमळले. माझ्यावर चिडचिड केली, मुद्रितं उचलून ठेवली, पुन्हा काढली. एकदा मॅडमच्या सांगण्यावरून मी बदललेलं वाक्य मोठ्यानं वाचून म्हणाले, "किती पुचाट वाक्य आहे! 'तत्त्वतः', 'म्हणतात', 'अनेक फेऱ्यांनंतर'. असं वाचून कुणाच्या अंगावर रोमांच येणारेत?" शेवटी एका दुपारी त्यांनी टेबलावर थाप मारली. "जाऊ दे मरू दे. मी पुस्तकं छापतो, पत्रकं नाही. बाईंचं वाक्य घे." प्राध्यापकांनी आपलं नाव काढायची धमकी दिली, काढलं मात्र नाही. पुस्तक थोडक्या प्रतींत निघालं आणि हळूहळू विकलं गेलं. फार हळू, तात्यांच्या शब्दांत, "अनेक फेऱ्यांनंतर."

पुस्तकाची पहिली प्रत द्यायला मी मॅडमकडे गेले, तेव्हा त्यांची बॅग भरलेली होती. राजीनं स्वतः फोन केला होता. तिचा नवरा मधल्या काळात वारला होता, डोळ्यांनी नीटसं दिसत नव्हतं. फार बोलली नाही, एकच शब्द म्हणाली. 'वा.' तमिळमध्ये त्याचा अर्थ 'ये'.

पुणे स्टेशनवर मी त्यांना सोडायला गेले. मद्रासकडे जाणारी गाडी लागली होती. आरक्षणाच्या यादीतलं नाव त्यांनी दोनदा तपासलं, डब्याच्या दारावरचा आकडा तपासला, शेजारच्या बाकावरच्या माणसाला "ही तुमचीच जागा कशावरून?" असंही विचारून झालं. मग खिडकीशी बसून पिशवीचा बंद बोटाला गुंडाळू लागल्या. मी म्हणाले, "मॅडम, भीती वाटते का?"

"वाटते. तिनं दार उघडल्यावर आधी काय म्हणायचं, तेच ठरत नाहीये. पार नागपूरच्या लहानपणापर्यंतची सगळी वाक्यं आठवून झाली. एकही बरोबर वाटत नाही."

"काहीही म्हणा."

"काहीही कसं म्हणू?" त्या म्हणाल्या. पण त्यांनी माझा हात धरला होता आणि गाडी हलेपर्यंत सोडला नाही.

त्या परत आल्या नाहीत. नारायण पेठेतली जागा त्यांनी पुढे सोडून दिली. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी मला फोन केला होता. मागून समुद्राचा आवाज येत होता आणि कुणीतरी तमिळमध्ये, मोठ्यानं, त्यांना काहीतरी बजावत होतं.

"मग, काय म्हणालात दारात?" मी विचारलं.

"काही म्हणावंच लागलं नाही गं," मॅडम म्हणाल्या. "मी जिना चढून गेले, तर दार उघडंच होतं."